घाटातल्या लाव्हाची तारीख कशी वाचायची आणि ती हवामानाशी कशी जोडायची

डेक्कन ट्रॅप, म्हणजे सह्याद्री आणि दख्खनभर एकावर एक साचलेले लाव्हाचे थर, म्हटलं की "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यानेच डायनासोर मेले" हे वाक्य ट्रेकच्या ग्रुपवर, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये, गडावरच्या माहितीफलकावर सगळीकडे येतं. पण या एका वाक्यात दोन वेगवेगळे दावे आहेत. लाव्हाचं वय हा एक, आणि त्या लाव्हामुळे हवामान बदललं नि जीव मेले हा दुसरा, आणि दोन्ही तपासायच्या पद्धती पार वेगळ्या आहेत. भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, किंवा नुसतेच दगडांचं वेड असलेले लोक, सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे. लॅब आपल्याकडे नसते हे खरं, पण लॅबमधून आलेली तारीख वाचता येणं ही निम्मी लढाई आहे, आणि घाटात उभं राहून थरांचा क्रम लावणं तर कोणीही शिकू शकतं.

सुरुवात आकड्यापासून करू नका, प्रश्नापासून करा. तुम्हाला किती बारीक फरक बघायचाय ते आधी कागदावर लिहा. "हा लाव्हा डायनासोरांच्या काळातला आहे का" एवढंच विचारायचं असेल तर दहा-वीस लाख वर्षांची चूक चालते. पण डायनासोरांच्या अंताशी जी उल्का जोडली जाते, "ती पडायच्या आधीचा की नंतरचा" असं विचारायचं असेल तर गोष्ट बदलते, कारण ६.६ कोटी वर्षांत ०.१ टक्के चूक म्हणजे ६६ हजार वर्षं, आणि इथला सगळा वाद अशाच काही दहा हजार वर्षांच्या फरकावर चाललाय. तारखेची चूक तुमच्या प्रश्नातल्या फरकापेक्षा मोठी असेल तर ती तारीख कितीही महागड्या मशीनमधून आलेली असो, तुमच्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. हे एवढं जरी पक्कं केलंत तरी बातम्यांतले निम्मे दावे तुम्ही स्वतः चाळू शकाल.

आता क्रम. तारीख चुकू शकते, पण खालचा थर आधीचा नि वरचा नंतरचा हे सहसा चुकत नाही, म्हणून आधी क्रम लावायचा. त्यासाठी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट माझ्या मते सगळ्यात चांगली जागा, कारण रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत एकावर एक प्रवाह उघडे पडलेत. एका प्रवाहाचा मधला भाग घट्ट, काळा, उभ्या-आडव्या भेगांचा असतो. वर जाल तसा दगड भोकाभोकांचा होत जातो, कारण वायूचे बुडबुडे वर जाऊन अडकतात, आणि त्या भोकांत पुढे पांढरे-हिरवट झिओलाइट नावाचे खनिज भरलेले दिसतात. त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी विटकरी तांबडा पट्टा असतो, कुठे बोटभर, कुठे हातभर, त्याला भूशास्त्रवाले रेड बोल म्हणतात. हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती, तेवढ्यात खालच्या लाव्हाची झीज झाली, माती-धूळ-राख साठली आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. नखाने किंवा चावीने खरवडून बघा, पट्ट्याचा वरचा भाग पुष्कळदा जास्त कडक लागतो कारण वरच्या गरम लाव्हाने तो भाजलाय. पण पट्टे मोजून वर्षं काढू नका, प्रत्येक पट्टा किती काळात झाला याचं ठरलेलं माप नाहीये.

या प्रवाहांचे गट पाडलेत आणि त्यांना आपल्याच गावांची नावं आहेत. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगभरातल्या संशोधनात ही नावं जशीच्या तशी येतात आणि मला दर वेळी ते वाचून बरं वाटतं. मात्र हे गट नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, काळा दगड सगळीकडे काळाच दिसतो. गट ठरतात दगडाच्या रसायनावरून. उदाहरणार्थ बुशेच्या लाव्हात वर येताना खालच्या जुन्या खडकांची बरीच भेसळ झाली, आंबेनळीच्या लाव्हात ती सगळ्यात कमी. त्यामुळे एखाद्या लेखात "पोलादपूर गटाचं सॅम्पल" असं लिहिलं असेल तर ते रसायन तपासून लिहिलंय की फक्त उंची बघून, हे शोधा. थर थोडे कललेले आहेत, म्हणजे शंभर किलोमीटर दूरच्या दोन घाटांतली सारखी उंची म्हणजे सारखा काळ असं होत नाही.

क्रमाची दुसरी मदत चुंबकाची. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत गोठतात, आणि पृथ्वीचे ध्रुव अधूनमधून उलटतात. डेक्कनच्या मुख्य राशीत खाली थोडा भाग सरळ, मध्ये बहुतेक सगळी जाडी उलटी आणि माथ्याकडे परत सरळ असा साधा क्रम मिळतो. १९८६ मध्ये फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ कुर्तिओ आणि सहकाऱ्यांनी यावरूनच जोरात मांडलं की उद्रेक फार थोड्या काळात झाले. त्याआधीच्या पोटॅशियम-आर्गॉन तारखा (हे घड्याळ पुढे येईलच) साधारण ३ कोटीपासून ८ कोटीपर्यंत पसरलेल्या होत्या, म्हणजे लाव्हा ५ कोटी वर्षं वाहत होता असं वाटावं! इतक्या काळात ध्रुव कितीतरी वेळा उलटले असते आणि दगडांत त्याची नोंद सापडली असती, ती नाही, म्हणून गडबड तारखांमध्ये आहे हे दिसलं. मधला उलटा टप्पा ज्याला २९आर म्हणतात तो काही लाख वर्षांचाच आहे आणि डायनासोरांच्या अंताची सीमाही याच टप्प्यात पडते. बघा, इथे एकही नवी तारीख न काढता नुसत्या क्रमाने केवढं काम केलं.

चुंबकासाठी सॅम्पल घेणार असाल तर दगड सुटा करण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि उतार खुणेने लिहा, नंतर काही करता येत नाही. आणि साधं होकायंत्र बसाल्टजवळ, म्हणजे या काळ्या लाव्हाच्या दगडाजवळ, चकवतं म्हणून सावलीवरून, म्हणजे सूर्याच्या होकायंत्राने दिशा पडताळतात. उघड्या माथ्यावरचे दगड शक्यतो टाळायचे, वीज पडून त्यांचं चुंबकत्व बिघडलेलं असू शकतं.

मग येतं घड्याळ निवडणं. कार्बन-१४ साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं आणि त्याला लाकूड, कोळसा, हाड असं काहीतरी जिवंत वस्तूचं लागतं, त्यामुळे सह्याद्रीच्या लाव्हाला ते लावायचं म्हणणं म्हणजे विषयच कळला नाही असं होईल. आपल्याकडे मुख्यतः दोन घड्याळं. पहिलं आर्गॉनचं. दगडातलं पोटॅशियम-४० अतिशय हळू मोडतं, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, आणि त्यातल्या सुमारे एक दशांशाचा आर्गॉन-४० होतो. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन वायू निघून जातो म्हणून घड्याळ शून्यावर येतं, दगड गोठला की परत साठायला लागतो. हल्ली सॅम्पल अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा करतात, त्यामुळे पोटॅशियम-३९ चं आर्गॉन-३९ होतं आणि पोटॅशियम आणि त्यातून झालेला आर्गॉन, दोन्ही एकाच वायूतून मोजता येतात. मग सॅम्पल टप्प्याटप्प्याने तापवायचं आणि प्रत्येक टप्प्यात सुटलेल्या वायूवरून वय काढायचं. सगळे टप्पे सलग एकच वय दाखवत असतील तर आलेखात सपाट पठार दिसतं, आणि ते पठार हाच विश्वासाचा पुरावा. आपल्याकडे पवईला आयआयटी बॉम्बेमध्येही हे काम होतं.

पण अडचण अशी की आपल्या बसाल्टात पोटॅशियमच कमी, त्यामुळे आर्गॉनही कमी आणि चूक मोठी. वर झीज. पावसाने मुरलेला, मुरूम होत आलेला, झिओलाइट भरलेला दगड आर्गॉन गमावतो, आणि जुन्या तारखा एवढ्या विस्कटल्या त्यामागे हे एक मोठं कारण. म्हणून सॅम्पल प्रवाहाच्या घट्ट मधल्या भागातून घ्यायचं, हातोडीने तोडल्यावर आत ताजा काळा-करडा रंग आणि चमकणारे प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक दिसले पाहिजेत, कडेला तपकिरी साल असेल तर ती पूर्ण काढून टाकायची. लॅबमध्ये पुढे हे स्फटिक मायक्रोस्कोपखाली एकेक करून हाताने निवडतात, ढगाळ दिसणारा बाजूला, काचेसारखा स्वच्छ दिसणारा ठेवायचा. हे काम फार चिकाटीचं आहे आणि तारखेचा दर्जा बऱ्याच अंशी तिथेच ठरतो.

दुसरं घड्याळ झिरकॉन या कडक, बारीक खनिजाचं. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही, त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते युरेनियम मोडूनच आलेलं धरता येतं. शिवाय युरेनियमचे दोन प्रकार वेगवेगळ्या वेगाने मोडतात, म्हणजे एका कणात दोन घड्याळं आणि ती एकमेकांना तपासतात. चूक काही दहा हजार वर्षांपर्यंत खाली येते. मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत? कारण बसाल्टात झिरकॉन जवळपास नसतोच. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली ती अशी की दोन प्रवाहांमधल्या त्या तांबड्या पट्ट्यांत दुसरीकडच्या स्फोटक ज्वालामुखीची राख पडून राहिलेली, त्यात झिरकॉन शोधले. म्हणजे ज्या पट्ट्याकडे आपण माती म्हणून बघतो तो खरा तारीखवाला थर निघाला. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की मुख्य उद्रेक उल्कापाताच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले आणि साडेसात लाख वर्षांत ११ लाख घन किलोमीटरहून जास्त लाव्हा बाहेर पडला.

झिरकॉनचेही नखरे आहेत. हा स्फटिक उद्रेकाच्या आधी जमिनीखालच्या मॅग्मात (वितळलेल्या खडकात) हजारो वर्षं पडून असू शकतो, किंवा जुन्या खडकातून वाहत येऊन पट्ट्यात मिसळू शकतो, त्यामुळे एकाच पट्ट्यातले कण वेगवेगळी वयं देतात आणि त्यातली कुठली खरी राख पडल्याची, हे ठरवायला डोकं लावावं लागतं. बहुतेक वेळा सगळ्यात तरुण कणांवर भर देतात. लेख वाचताना "किती कण मोजले आणि किती वगळले, का वगळले" हा प्रश्न नक्की विचारा.

आता तारीख वाचायची कशी. समजा लिहिलंय ६.६०५ कोटी आणि पुढे अधिक-उणे. पहिलं बघा की ती चूक एक सिग्मा (चुकीचा पसारा सांगायचं माप) आहे की दोन, कारण एक सिग्मावाली चूक कागदावर निम्मी दिसते. दुसरं, ती चूक फक्त मशीनच्या मोजमापाची आहे की मोडण्याचा वेग आणि संदर्भ-सॅम्पल यांची अनिश्चितताही धरलीये. आर्गॉनची प्रत्येक तारीख एका ठरलेल्या वयाच्या खनिजाशी तुलना करून निघते, बऱ्याचदा कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यन टफ या राखेच्या खडकातलं सॅनिडिन नावाचं खनिज, आणि त्याचं मानलेलं वय काळाप्रमाणे बदललंय, आधी २.८०२ कोटी धरायचे, २००८ नंतर २.८२ कोटी धरायला लागले. फरक छोटा वाटतो, पण ६.६ कोटीला जाऊन तो चारेक लाख वर्षांचा होतो! जुन्या लेखातली तारीख नव्या लेखाशेजारी तशीच ठेवली तर दोघांची घड्याळं वेगवेगळी लावलेली असताना कोण आधी पोचलं यावर भांडल्यासारखं होतं. आधी दोन्ही एकाच मापावर आणा, मग तुलना करा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१९ चं. सायन्स मासिकाच्या एकाच अंकात डेक्कनवर दोन लेख आले, एक शोन यांच्या गटाचा झिरकॉनवर, दुसरा कोर्टनी स्प्रेन, पॉल रेने वगैरेंचा आर्गॉनवर. घाट तेच, गट तेच. शोन म्हणाले उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले आणि पोलादपूरचा झटका विनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधी आला. स्प्रेन म्हणाल्या उद्रेक बराचसा सलग चालू होता, विनाशाची सीमा बुशे आणि पोलादपूरच्या सांध्याच्या आसपास येते आणि जवळपास पाऊण लाव्हा सीमेनंतरचा आहे. म्हणजे सगळा फरक पोलादपूरवर येऊन ठेपतो, तो सीमेच्या खाली की वर! आणि दोघांनी सीमेचं वयही आपापल्या घड्याळातलं घेतलेलं, शोन यांनी डेन्व्हर भागातल्या झिरकॉनवरून सुमारे ६.६०२ कोटी, स्प्रेन यांनी मॉन्टानातल्या राखेवरून सुमारे ६.६०५ कोटी. मला विचाराल तर दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचणं हा या विषयाचा उत्तम अभ्यास आहे. दोघांचं जिथे जुळतं तेही मोठं आहे, दहा लाख वर्षांच्या आत बहुतेक लाव्हा आला, हे आता घट्ट आहे.

पर्यावरणाशी जोडणं हा पुढचा आणि जास्त निसरडा भाग. लाव्हा सह्याद्रीत आहे पण त्या वेळच्या समुद्राचं तापमान नोंदलं गेलंय ते समुद्रतळाच्या गाळात, हजारो किलोमीटर लांब. दोन जागा जोडायला दोन्हीकडे सापडणारी खूण लागते. चुंबकीय उलटफेर ही एक. उल्केच्या धुळीतला इरिडियम या दुर्मिळ धातूचा थर दुसरी, १९८० मध्ये अल्वारेझ बापलेकांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलेला, ज्याचं विवर पुढे मेक्सिकोत चिक्षुलुबला सापडलं. तिसरी खूण पारा. ज्वालामुखीतून पाऱ्याची वाफ निघते, ती हवेत महिनोन्‌महिने टिकते म्हणून जगभर पसरते आणि गाळात उतरते, फ्रान्समधल्या बिदारसारख्या ठिकाणी सीमेच्या जरा आधीच्या थरांत तो वाढलेला मिळालाय. पण पारा सेंद्रिय पदार्थाला चिकटतो, त्यामुळे नुसता पारा वाढला म्हणून उड्या मारू नका, पारा आणि सेंद्रिय कार्बन यांचं गुणोत्तर वाढलंय का ते बघा. गाळात सेंद्रिय माल जास्त असेल तर पारा तसाही जास्त दिसेल.

मग वायूंचा हिशोब. सल्फर डायऑक्साइडमुळे थंडी येते पण ती काही वर्षांची, कार्बन डायऑक्साइडमुळे गरमी येते आणि ती हजारो वर्षं रेंगाळते. आइसलंडमध्ये १७८३ ला लाकीची भेग फुटली, आपल्यासारखाच बसाल्ट, आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आणि १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड, त्यात आइसलंडची जवळपास पंचमांश माणसं गेली, बहुतेक जनावरं मेल्यावर आलेल्या उपासमारीने. डेक्कनचे मोठे उद्रेक शेकडो-हजारो घन किलोमीटरचे होते, काही प्रवाह तर आजच्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले. म्हणून एकूण लाव्हापेक्षा "एका उद्रेकात किती, आणि दोन उद्रेकांत खंड किती" हा आकडा जास्त महत्त्वाचा. दहा लाख घन किलोमीटर सावकाश आला तर निसर्ग बराचसा पचवतो, तेच झटक्याने आलं तर नाही. दगडाच्या तारखा मात्र दोन उद्रेकांमधला शंभर वर्षांचा खंड दाखवू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट जी खूप जण विसरतात. वायू आणि लाव्हा एकाच वेळी बाहेर येतात असं नाही, मॅग्मा खोल असतानाच कार्बन डायऑक्साइड सुटू शकतो. समुद्रातल्या सूक्ष्म शंखांमधल्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून दिसतं की उल्का पडायच्या दोन-तीन लाख वर्षं आधी जग काही अंशांनी तापलं आणि उल्का पडायच्या आधीच परत निवळलं. म्हणजे डेक्कनने हवामान हलवलं हे दिसतं, पण विनाशाचा क्षण त्या गरमीच्या शिखरावर बसत नाही. माझं मत असं की "डेक्कनने डायनासोर मारले" हे आजच्या पुराव्यावर लिहू नये, आणि "डेक्कनचा काहीच संबंध नाही" हेही लिहू नये.

राखेच्या बाबतीत वेगळी काळजी लागते आणि त्याचा धडा आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ गाळात पांढरट राखेचा थर आहे, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, आणि तिथेच दगडी हत्यारं मिळाल्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर खूप काम केलं. त्या राखेचं वय आधी पोटॅशियम-आर्गॉनने १४ लाख आलं, नंतरच्या आर्गॉन तारखा त्याच्या निम्म्याच्या आसपास आल्या, आणि राखेतल्या ज्वालामुखीय काचेच्या कणांच्या रसायनावरून दुसऱ्या गटाने ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या सगळ्यात मोठ्या टोबा उद्रेकाची म्हटली. हत्यारं बनवणारा माणूस कोण, हा प्रश्नच या तारखेवर पालटतो. अडचण अशी की टोबा अनेकदा फुटला आणि त्याच्या वेगवेगळ्या राखांची काच एकमेकींसारखी आहे, म्हणून काचेबरोबर बायोटाइट या अभ्रकाच्या कणांचंही रसायन बघावं लागतं. शिवाय राख नदीने उचलून परत टाकलेली असू शकते, म्हणजे राख जुनी पण थर नवा, आणि राखेत आलेला एखादा जुना स्फटिक वय फुगवतो. त्यामुळे राखेचा थर दिसला की आधी बघा की तो स्वच्छ, एकसारखा, तळाशी धारदार सीमेचा आहे का, की वाळू-मातीत मिसळून रेघारेघांचा झालाय. दुसरा असेल तर तारीख राखेची, थराची नाही.

आणि टोबाचा परिणाम? आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात टोबाची राख सापडली, पण त्या थरापाशी मोठ्या थंडीची खूण मिळाली नाही. आंध्रातल्या ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वरही हत्यारं मिळतात. एवढा मोठा उद्रेक म्हणजे जगभर हाहाकार असं गृहीत धरायचं नाही, प्रत्येक जागी राखेच्या नेमक्या खाली आणि वर काय बदललं ते बघायचं.

जवळच्या काळात बर्फाचे थर आणि झाडांची वलयं वर्षागणिक तारीख देतात, तरी तिथेही घोळ झालाच होता. बर्फात उद्रेकांनी सोडलेल्या सल्फेटच्या तारखा आणि झाडांवरची थंडीची वर्षं पहिल्या सहस्रकात सुमारे सात वर्षांनी जुळत नव्हती. मग ७७४-७७५ सालचा वैश्विक किरणांचा मोठा मारा झाडांत कार्बन-१४ म्हणून आणि बर्फात बेरिलियम-१० म्हणून सापडला, तो खुंटीसारखा धरून २०१५ मध्ये बर्फाचं कालगणन सरकवलं, आणि इसवी सन ५३६ आणि ५४० च्या थंडीला त्यांचे उद्रेक मिळाले. जुळत नाही म्हणून तारीख मनाने सरकवायची नसते, आधी दोन्हीकडे असलेली अशी तिसरी स्वतंत्र खूण शोधायची.

प्रत्यक्ष करायचं असेल तर पाऊस संपून दरडी सुकल्यावर, नोव्हेंबरच्या पुढे आंबेनळीला जा, ओल्या दरडीखाली उभं राहू नका आणि वळणावर गाडी लावू नका. वहीत खालून वर प्रत्येक प्रवाहाची जाडी, भोकांचा पट्टा, तांबडा पट्टा यांची आकृती काढा, फोटोत मापासाठी पेन ठेवा, जागेचं लोकेशन लिहा. मग त्या गटांच्या छापून आलेल्या तारखा शेजारच्या रकान्यात भरा, घड्याळ कुठलं, सिग्मा किती, संदर्भाचं वय काय धरलं, हे सगळं. बोरीला गेलात तर राखेच्या थराला हातोडी लावू नका, तिथला थर मर्यादित आहे आणि पुढच्या कोणाला तरी नव्या पद्धतीने तो परत मोजायचाय.